बुबुळाचे विषाणुजन्य रोग : आधी निदान, मग थेंब

(संस्थेच्या वार्षिक समारंभात सिंधुदुर्गनगरी येथे पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



आजच्या भाषणाचे निमंत्रण देण्यासाठी संस्थेचे चिटणीस माझ्याकडे आले, तेव्हा त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, विषय कोणता घेणार? चष्मा की मोतीबिंदू?" मी म्हटले, "लाल डोळा घेतो." ते हसून म्हणाले, "त्यावर काय बोलणार? दुकानातून थेंब आणायचे, दोन दिवस घालायचे, संपले!" मित्रहो, चिटणीस साहेब बोलले ते आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातले आहे. म्हणूनच मी हा विषय घेतला. कारण या 'संपले' म्हणण्यातच काही जणांची दृष्टी संपलेली मी पाहिली आहे.

एक उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही. किनाऱ्यावरच्या एका गावातील दहावीचा मुलगा. वडील बोटीवर, घरी आई आणि चाचा. पूर्वपरीक्षेच्या दिवसांत त्याचा उजवा डोळा लाल झाला, पाणी वाहू लागले, उजेड सहन होईना. घरात कोणाची तरी राहिलेली थेंबांची बाटली होती. डोळ्याला खाज येते म्हणून पूर्वी कधी तरी ती लिहून दिलेली होती. तीच घातली. दोन दिवसांत लाली कमी झाली. आईला समाधान वाटले. मुलाने अभ्यास सोडला नाही आणि थेंबही सोडले नाहीत. दोन आठवड्यांनी फळ्यावरची अक्षरे धुक्यातून पाहावीत तशी दिसू लागली, तेव्हा त्याला माझ्याकडे आणले. बुबुळावरचा व्रण नकाशासारखा पसरला होता. उपचाराने व्रण भरला, परंतु बरोबर मध्यावर पांढरा डाग राहिला. तक्त्यावरील वरच्या दोन ओळींपलीकडे त्या डोळ्याने त्याला वाचता येत नाही. वडिलांप्रमाणे बोटीवर जावे अशी त्याची इच्छा होती. बोटीवर जाण्यापूर्वी दृष्टीची तपासणी होते आणि तीत तो बसला नाही. आज तो मच्छीमारांच्या होड्यांची इंजिने दुरुस्त करतो आणि काम उत्तम करतो. परंतु जे त्याला व्हायचे होते ते एका बाटलीने हिरावून घेतले.

त्या बाटलीत काय होते आणि डोळ्याला नेमके काय झाले होते, हे समजण्यासाठी प्रथम थोडी ओळख करून घेऊ.

आपण ज्याला बोलीत बुबुळ म्हणतो, त्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. पाठ्यपुस्तकात त्याला पारपटल म्हणतात. अरबी वैद्यांनी त्याला 'करनिया' म्हटले. 'कर्न' म्हणजे शिंग. शिंगाचा पातळ पापुद्रा काढला तर तो जसा दिसेल तसा हा पडदा, म्हणून हे नाव. लॅटिन भाषेतील 'कॉर्निया' या शब्दाचा अर्थही तोच. या पडद्याचा व्यास साधारण ११ ते १२ मिलिमीटर आणि मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळा प्रकाशाचे किरण वळवून चित्र उमटवितो, त्या कामाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा हा पडदा उचलतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ. परंतु मज्जातंतू इतके आहेत की धुळीचा कण गेला तरी माणूस अस्वस्थ होतो. या पडद्यावर जखम होऊन ती खोल गेली की भरताना पांढरा व्रण राहतो. आपल्या आज्या त्याला 'डोळ्यात फूल पडले' असे म्हणत. नाव सुंदर आहे, परंतु त्या फुलामागे अंधार असतो.

हे फूल पूर्वी कशामुळे पडे? मोठ्या प्रमाणावर देवीच्या रोगामुळे. देवी हा विषाणूचा रोग होता आणि तो अंगाप्रमाणे डोळ्यांवरही उठे. येथे आपल्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकात रै आणि बगदाद येथे काम करणारे हकीम अबू बक्र मुहम्मद बिन झकारिया अर-राझी यांनी देवी आणि गोवर या दोन रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यांत फरक कसा करावा हे सांगितले. त्याच ग्रंथात देवीची लक्षणे दिसू लागताच रोग्याचे डोळे सांभाळण्यास सुरुवात करावी, असा सल्ला आहे. पुढे बगदादचे अली बिन ईसा यांनी 'तझकिरतुल कह्हालीन' हा नेत्ररोगांवरील ग्रंथ लिहिला आणि तो शतकानुशतके वैद्यांच्या हाती होता. त्या काळी विषाणू कोणी पाहिला नव्हता. तरीही या लोकांनी आधी रोग ओळखा, मग औषध द्या, ही रीत सोडली नाही. आपण त्यांची नावे सभांतून घेतो. रीत मात्र त्यांची घेत नाही.

देवीचा अखेरचा रोगी भारतात १९७५ साली आढळला आणि १९८० साली जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. हे लसीमुळे झाले. परंतु बुबुळाला इजा करणारे दुसरे विषाणू आजही आपल्यात आहेत. त्यांपैकी चार सामान्य माणसाने ओळखले पाहिजेत.

पहिला प्रकार म्हणजे डोळे येण्याची साथ. १९७१ साली बांगलादेशच्या लढ्याच्या वेळी डोळ्यांची मोठी साथ आली. बंगालमध्ये लोकांनी तिला 'जय बांगला' असेच नाव देऊन टाकले आणि ती मुंबईतही पसरली. अगदी अलीकडे जुलै २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यात आळंदीच्या परिसरात साथ सुरू झाली आणि त्या पावसाळ्यात महाराष्ट्रात लाखाहून अधिक रोग्यांची नोंद झाली. साथ आणणारे विषाणू वेगवेगळे असतात. बहुतेकांचा डोळा आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. परंतु ॲडिनोव्हायरस नावाच्या विषाणूच्या काही जातींमध्ये लाली ओसरू लागल्यावर बुबुळावर बारीक नाण्यांसारखे ठिपके उमटतात. त्यामुळे दिव्याभोवती प्रकाश पसरल्यासारखा दिसतो, वाचताना अंधुक वाटते. हे ठिपके बहुधा काही महिन्यांत विरतात. धीर धरावा लागतो, आणि डॉक्टरांना दाखवावे लागते.

दुसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत फसवा. तो हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूचा. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. तोच हा विषाणू. बहुधा लहानपणी घरातल्या मोठ्या माणसांच्या जवळिकीतून तो शरीरात शिरतो. त्या वेळी काही विशेष जाणवतही नाही. मग तो चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी जी गाठ असते, तेथे जाऊन झोपतो. तेथून त्याला आयुष्यभर कोणी बाहेर काढू शकत नाही. कधी तरी तो जागा होतो आणि मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा पृष्ठभागावर येतो. ओठाकडे आला तर फोड येतात, डोळ्याकडे आला तर बुबुळावर व्रण होतो. बहुतेक वेळा एकाच डोळ्याला. त्या दहावीच्या मुलाला हाच रोग झाला होता.

तिसरा प्रकार नागिणीचा. कांजिण्यांचा विषाणू असाच मज्जातंतूत लपून राहतो आणि पुष्कळ वर्षांनी, बहुधा उतारवयात, कपाळाच्या एका बाजूला आणि पापणीवर फोडांचा पट्टा उठवितो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो, असा समज खेड्यांतून आहे. त्यात काही तथ्य नाही. परंतु फोड नाकाच्या टोकापर्यंत उतरले असतील तर डोळ्यातही रोग उतरण्याचा संभव मोठा, ही खूण मात्र खरी आहे. कारण नाकाच्या टोकाला आणि बुबुळाला एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात. अशा माणसाला काव आणि लेप लावीत बसविणे म्हणजे वेळ घालविणे होय. नागिणीची गोळी फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर तिचा उपयोग चांगला होतो. पन्नाशीनंतर घ्यावयाची नागिणीची लसही आता आपल्या देशात मिळते.

चौथा प्रकार गोवराचा. त्याविषयी शेवटी बोलणार आहे, कारण तो थेट आईबापांच्या हातातला आहे.

आता निदान. लाल डोळा घेऊन रोगी आला की डॉक्टरने काय करावयास हवे, हे पालकांना ठाऊक असले पाहिजे. ठाऊक असेल तरच ते मागता येईल.

प्रथम प्रश्न. लाली एका डोळ्याला की दोन्ही डोळ्यांना? घरात, वर्गात आणखी कोणाचे डोळे आले आहेत का? सकाळी पापण्या चिकटतात की नुसते पाणी येते? दुखते का? उजेड खुपतो का? दिसणे कमी झाले का? पूर्वी याच डोळ्याला असे झाले होते का? काही लागले होते का? हा अखेरचा प्रश्न आपल्या भागात फार मोलाचा आहे. भातकापणीत डोळ्यात कुसळ गेले, गवत कापताना पात्याचा फटका बसला, चिरेखाणीत कण उडाला, आणि त्यानंतर दोन-चार दिवसांनी डोळा लाल होऊन बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागला, तर तो बहुधा बुरशीचा किंवा जंतूंचा व्रण असतो. त्याची औषधे पूर्णपणे निराळी. विषाणूचे औषध तेथे चालत नाही आणि बुरशीचे औषध येथे चालत नाही.

नंतर तपासणी. तक्त्यावर प्रत्येक डोळ्याची दृष्टी वेगवेगळी मोजावी. मग कापसाची बारीक वात करून तिच्या टोकाने बुबुळाला हळूच स्पर्श करावा. निरोगी माणूस चटकन डोळा मिटतो. हर्पीस झालेल्या डोळ्यात ही संवेदना बोथट होते. म्हणूनच हा रोग फसवा आहे, लाली पुष्कळ असते आणि दुखणे त्या मानाने कमी. यानंतर फ्लुरेसिन नावाच्या रंगाची कागदी पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवावी आणि निळ्या प्रकाशात पाहावे. जेथे पृष्ठभाग सोलला गेला असेल तेथे हिरवा रंग चमकतो. हर्पीसचा व्रण पानगळ झालेल्या झाडाच्या फांद्यांसारखा दिसतो आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला बोंडासारखी लहान गाठ असते. एकदा ही आकृती पाहिली की विसरणे शक्य नाही. स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकाखाली तर ती फारच स्पष्ट दिसते. शंका राहिली तर व्रण खरवडून त्याची तपासणी करतात. त्यात बुरशी आणि जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. विषाणूसाठी पीसीआर चाचणी असते. कोरोनाच्या काळात तिचे नाव आपल्या घराघरांत पोहोचलेच आहे. परंतु बहुतेक रोग्यांत एवढे करावे लागत नाही. ती रंगाची पट्टी, निळा दिवा आणि पाच मिनिटांचा वेळ पुरतो.

ही पाच मिनिटे किती मोलाची, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत एका संध्याकाळी गर्दी फार होती. एक बाई लाल डोळा घेऊन आल्या. मी बॅटरीच्या उजेडात पाहिले आणि मिश्र थेंब लिहून दिले. रंग टाकून पाहिले नाही. दहा दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा मला माझी चूक त्यांच्या बुबुळावर दिसली. त्यांचा डोळा वाचला, पण पूर्वीसारखा राहिला नाही. त्यांनी मला दोष दिला नाही, कारण चूक झाली हे त्यांना कळलेच नव्हते. मी सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "डॉक्टर, पुढच्या बाईला नीट बघा." त्या दिवसापासून रंग टाकल्याशिवाय मी कोणाच्याही लाल डोळ्याला थेंब लिहून देत नाही.

आता त्या बाटलीत काय असते ते सांगतो. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्ल्युरोमेथोलोन ही नावे विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावीत. ही स्टिरॉइड वर्गाची औषधे होत. पुष्कळदा ती जंतुनाशक औषधाबरोबर एकाच बाटलीत असतात, म्हणून ओळखू येत नाहीत. स्टिरॉइड दाह शमविते, लाली घालविते. परंतु लाली म्हणजे शरीराने शत्रूशी चालविलेली लढाई असते. सैन्याला बेड्या घातल्या की गोंगाट थांबतो आणि शत्रूला रान मोकळे मिळते. फांदीसारखा असलेला लहान व्रण मग नकाशासारखा पसरतो. शिवाय हे थेंब महिनोन् महिने घातले तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही लवकर येतो. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकावयाची नाहीत, असा नियम आहे. नियम मोडणारा दुकानदार दोषी खरा, परंतु चिठ्ठीवाचून मागणारे आपणही त्यात सामील असतो.

स्टिरॉइड हे सर्वस्वी वाईट औषध आहे, असे मात्र कोणी समजू नये. हर्पीसचा रोग कधी कधी पृष्ठभाग सोडून बुबुळाच्या आतल्या थरात शिरतो. तेथे विषाणूपेक्षा शरीराचा दाहच अधिक नुकसान करतो. अशा वेळी विषाणुनाशक औषधाचे कवच देऊन नेत्रतज्ज्ञ स्टिरॉइड वापरतात आणि त्याचा फायदा होतो, हे १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. तेच औषध एका थरात विष आणि दुसऱ्या थरात उपाय. कोणत्या थरात रोग आहे हे दुकानाच्या काउंटरवरून दिसत नाही. म्हणून निदान आधी.

उपचारांचा इतिहासही विद्यार्थ्यांना रोचक वाटेल. १९६२ सालापर्यंत या रोगावर खास औषध नव्हते. त्या वर्षी अमेरिकेतील डॉ. हर्बर्ट कॉफमन यांनी आयडॉक्सयुरिडिन हे औषध हर्पीसच्या व्रणावर गुणकारी असल्याचे दाखविले. विषाणूवर औषध चालते ही गोष्टच त्या काळी नवी होती आणि ती प्रथम डोळ्यात सिद्ध झाली. पुढे गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून असायक्लोव्हिर आले. या बाईंना त्यांच्या संशोधनाबद्दल १९८८ साली दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. असायक्लोव्हिरची युक्ती अशी की, विषाणूने स्वतः तयार केलेल्या द्रव्याचा स्पर्श झाला तरच ते जागे होते. म्हणून जी पेशी विषाणूने घेरली आहे तेथेच ते काम करते आणि निरोगी पेशीला फारसा त्रास देत नाही.

पृष्ठभागावरील व्रणासाठी असायक्लोव्हिरचे ३ टक्क्यांचे मलम दिवसातून पाच वेळा डोळ्यात घालावयाचे असते. गॅन्सिक्लोव्हिरची जेलही मिळते. काही रोग्यांना पोटात गोळ्या द्याव्या लागतात आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्यांचे प्रमाण कमी करावे लागते. म्हणून आपले जुने आजार डॉक्टरांपासून लपवू नयेत. पाच वेळा कशा लक्षात ठेवाव्या, असे रोगी विचारतात. मी आपल्या लोकांना सांगतो, फजर, झुहर, असर, मगरिब आणि इशा. नमाज झाली की मलम. मग वेळ चुकत नाही.

येथे रमजानविषयी बोलणे आवश्यक आहे. दरवर्षी काही रोगी रोजे सुरू होताच डोळ्याचे औषध बंद करतात आणि ईदनंतर बिघडलेला डोळा घेऊन येतात. डोळ्यात थेंब घातल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी मौलानासाहेबांना जरूर विचारावे, परंतु न विचारता औषध सोडू नये. गोळ्या घ्याव्या लागत असतील तर आजारी माणसाला रोजा पुढे करण्याची सवलत कुराणातच दिलेली आहे. अल्लाहने दिलेली सवलत नाकारून अल्लाहने दिलेला डोळा गमावणे, यात कोणते पुण्य?

रोग बरा झाला तरी विषाणू झोपलेलाच असतो, हे मी सांगितले. तो पुन्हा पुन्हा उठत असेल तर वर्षभर रोज दोन वेळा असायक्लोव्हिरची गोळी देण्याची पद्धत आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ७०३ रोग्यांच्या अभ्यासात गोळी घेणाऱ्यांपैकी १९ टक्के रोग्यांना वर्षभरात पुन्हा त्रास झाला, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. म्हणून ज्यांना एकदा हा रोग झाला आहे त्यांनी त्याचे नाव कागदावर लिहून जवळ ठेवावे आणि पुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर प्रथम ते दाखवावे.

डाग राहिलाच आणि दृष्टी गेली, तर बुबुळ बदलण्याची शस्त्रक्रिया करता येते. १९०५ साली डॉ. एडुअर्ड झिर्म यांनी ती प्रथम यशस्वी केली. परंतु हर्पीसमध्ये नव्या बुबुळावरही रोग उलटू शकतो आणि मुळात त्यासाठी दुसऱ्या कोणी मरणोत्तर नेत्रदान केलेले असावे लागते. नेत्रदानाविषयी आपल्या समाजात प्रश्न विचारले जातात. जेद्दा येथील इस्लामी फिकह अकादमीने १९८८ साली अवयवरोपणास काही अटींवर अनुमती दिली. आपल्याकडील उलेमांमध्ये मात्र मतभेद आहेत. मी मुफ्ती नाही. मी एवढेच म्हणेन की हा विषय टाळू नका, जाणत्यांपुढे मांडा. घेणारा डोळा आपल्या घरातलाही असू शकतो.

आता घरात पाळावयाच्या काही गोष्टी. साथीच्या दिवसांत टॉवेल, उशी, रुमाल वेगळे ठेवा. हात साबणाने धुवा. मशिदीत एकाच टॉवेलने सर्वांनी तोंड पुसू नये, आणि डोळे आलेल्या माणसाने हौजाऐवजी नळावर वजू करावा. मुसाफहा मनापासून करावा, पण डोळे आलेले असतील तर सलाम तोंडाने पुरे. सुरम्याची सलाई एकमेकांत फिरवू नका आणि आजारी डोळ्यात सुरमा, काजळ, मध, दूध, गुलाबपाणी काहीही घालू नका. काही सुरम्यांत शिसे असते, हेही लक्षात असू द्या. ओठावर फोड असताना तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नका. एकाच्या राहिलेल्या थेंबांची बाटली दुसऱ्याच्या डोळ्यात घालू नका. उरलेली बाटली फेकून द्या. आणि एक डोळा लाल, उजेड सहन न होणारा, दिसणे कमी झालेला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. येथे ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, सावंतवाडी आणि कणकवली येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. अधिक लागले तर गोव्याला बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय दूर नाही.

अखेर गोवराविषयी. गोवराचा विषाणू बुबुळाला कोरडे आणि हळवे करतो. त्यात मुलाच्या अंगी 'अ' जीवनसत्त्व कमी असेल तर बुबुळ विरघळून दोन-चार दिवसांत दोन्ही डोळे कायमचे जाऊ शकतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईला गोवंडीत गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. ती वस्ती आपल्याच लोकांची आहे. तेथे लस न घेतलेली मुले पुष्कळ होती. लस कमी का घेतली गेली? गरिबी, दाटीवाटी आणि कोरोनाच्या काळात पडलेला खंड ही कारणे होतीच. पण अफवाही होत्या. या लसीने पुढे मूल होत नाही, अशा अफवा आजही मोबाइलवरून फिरतात. त्या खोट्या आहेत. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान सरकारी केंद्रात मोफत मिळते. 'अ' जीवनसत्त्वाचा डोसही नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळतो. गोवर झालाच तर 'आला आहे, जाईल, औषध करू नये' असे म्हणून मुलाला अंधारात निजवून ठेवू नका. दवाखान्यात न्या. तेथे लागोपाठ दोन दिवस 'अ' जीवनसत्त्व देतात. एवढ्याने डोळे वाचू शकतात.

विद्यार्थी मित्रांनो, आता याच ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आपल्यातले कोणी तेथे शिकावे, नेत्रतज्ज्ञ व्हावे, ऑप्टोमेट्री शिकून गावोगाव डोळे तपासावे, ही माझी इच्छा आहे. पण त्यासाठी दहा वर्षे थांबण्याची गरज नाही. आज घरी गेल्यावर एक काम करा. कपाटात, फडताळात, आजीच्या डब्यात डोळ्याच्या थेंबांच्या ज्या जुन्या बाटल्या असतील त्या काढा. मी सांगितलेली चार नावे त्यांवर आहेत का ते वाचा. घरच्यांना वाचून दाखवा आणि नको असलेली बाटली टाकून द्या. कोणाचे औषध चालू असेल तर मात्र ते स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. इंग्रजी अक्षरे तुम्हाला येतात, तुमच्या दादी-नानीला येत नसतील. शिकल्याचा हा पहिला उपयोग घराला होऊ द्या.

आणि पालकहो, डॉक्टरांकडे गेलात तर संकोच न करता विचारा, "साहेब, रंग टाकून पाहिले का?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही. आला, तर माझे नाव सांगा.